कॅन्सर छातीत, मुंग्या बोटांत

मावशीच्या केमोचा सातवा डोस झाला त्या रविवारी मी तिच्याकडे गेले तर ती आरशासमोर उभी राहून ब्लाउजच्या हुकांशी झटापट करत होती. हुक दिसत होतं, बोटं तिथेच होती, पण हुक चिमटीत आलंय की नाही हेच तिला कळत नव्हतं. शेवटी वैतागून म्हणाली, लाव गं बाई तूच. आणि मी हुक लावत असताना विचारलं, "गाठ छातीत होती ना, ती तर कापून काढली, मग हे औषध माझ्या बोटांत काय करत बसलंय?"

मी म्हणाले, साइड इफेक्ट आहे मावशी, होतं असं, कमी होईल हळूहळू.

परत येताना बसमध्ये माझी मलाच लाज वाटली. बावीस वर्षं अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, फळ्यावर पेशी विभाजनाचं चित्र डोळे मिटून काढते, आणि मावशीने इतका नेमका प्रश्न विचारल्यावर मी तिला काय दिलं तर "होतं असं". साइड इफेक्ट या शब्दाने असं वाटतं की औषध मेन काम छातीत करतं आणि जाता जाता इकडे तिकडे थोडं सांडतं. तसं नाहीये. बोटांत जे चाललंय ते औषधाचं मेन कामच आहे, जागा फक्त वेगळी. हे तिला नीट सांगायला मला पुढचे दोन रविवार लागले, तेच सगळं इथे लिहून काढतेय, कारण घरोघरी कोणी ना कोणी या औषधावर असतंच.

औषधाचं नाव पॅक्लिटॅक्सेल. झाडाच्या सालीतून सापडलेलं. झाडाकडे येतेच, पण आधी पेशीच्या आत काय असतं ते बघू.

पुस्तकातल्या चित्रामुळे पोरांना वाटतं (आणि त्यांच्या आईबापांनाही) की पेशी म्हणजे पाण्याची पिशवी, मधे न्यूक्लियसचा गोळा आणि बाकी सगळं तरंगतंय. खरं तर आत नळ्यांचं दाट जाळं असतं, मायक्रोट्युब्यूल्स. मराठीत सूक्ष्मनलिका म्हणतात पण तो शब्द वर्गात मीसुद्धा वापरत नाही, इथे नुसतं नळ्या म्हणू. एक नळी बाहेरून २५ नॅनोमीटर जाड, म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीत अशा तीनेक हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. पेशीला आकार देणं, पेशीतला माल इकडून तिकडे न्यायला रस्ता होणं आणि पेशीची दोन व्हायची वेळ आली की क्रोमोझोम (डीएनएच्या गुंडाळ्या) ओढून वेगळे करणं, ही तिन्ही कामं याच नळ्यांची. तिन्ही लक्षात ठेवा, मधलं सगळ्यात शेवटी लागणार आहे.

नळी बनते ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनच्या विटांची. वीट म्हणजे जोडी, एक अल्फा एक बीटा, कायम चिकटलेले, जोडीची लांबी ८ नॅनोमीटर. विटेला वीट लागून एक सर तयार होतो, मण्यांच्या माळेचा असतो तसा, आणि असे साधारण १३ सर एकमेकांना बाजूने धरून गोल पोकळ नळी होते.

आता गंमत अशी की ही नळी एकदा बांधली आणि झालं असं नसतंच कधी. ती वाढत असते, मधेच धडाधड कोसळते, कुठेतरी सावरते, परत वाढायला लागते, आणि हे पेशीत अखंड चालू. का, तर त्यासाठी मावशीला मी वेणीचं उदाहरण दिलं. देऊ की नको असं झालं होतं मला, कारण तिची वेणी कंबरेपर्यंत होती आणि तिसऱ्या आठवड्यात केस उशीवर यायला लागल्यावर तिनेच शेजारच्या पोरीला बोलावून मशीन फिरवून घेतलं होतं. पण तीच म्हणाली, बोल गं, वेणी काय नि काय.

वेणी घातली आणि टोकाला रबर लावलं की ती टिकते, रबर निसटलं की टोकापासून सुटत वर येते. नळीचं तसंच. नवी वीट येते तेव्हा बीटाच्या हातात जीटीपी नावाचा रेणू असतो, चार्ज केलेली बॅटरी समजा. चार्ज असलेली वीट सरळ बसते, शेजारच्या सरांना धरून राहते. पण नळीत बसल्यावर थोड्या वेळाने बॅटरी उतरते, जीटीपीचं जीडीपी होतं (बातम्यांतलं नव्हे), आणि उतरलेल्या विटेला बाहेरच्या बाजूला वाकायचं असतं. ती वाकत नाही कारण टोकाला ताज्या विटांचं रबर आहे. नव्या विटा भराभर येत राहिल्या तर टोक ताजंच राहतं, जरा उशीर झाला आणि टोकाच्या विटाही उतरल्या की रबर गेलं, मग सगळे सर केळं सोलल्यासारखे बाहेर वळतात आणि नळी सुटत जाते. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये हे दाखवलं. नळी अशी अचानक कोसळण्याला शास्त्रज्ञांनी नावच दिलंय कॅटॅस्ट्रॉफी, आणि ती दर मिनिटाला पेशीत कुठे ना कुठे होत असते. आपण जिवंत असतो त्यात.

एवढी उधळपट्टी कशाला? लाईट गेल्यावर आपण काडेपेटी कशी शोधतो, हात एकीकडे लांब करतो, नाही लागली की मागे घेतो, दुसरीकडे लांब करतो, असं चाचपत चाचपत एकदाची सापडते. नळ्यांचं तेच. पेशी दोन व्हायच्या वेळी आधीच्या नळ्या मोडल्या जातात, पेशीच्या दोन टोकांना दोन केंद्रं तयार होतात आणि तिथून नळ्या सगळ्या दिशांना वाढतात-कोसळतात, वाढतात-कोसळतात, क्रोमोझोम हाताला लागेपर्यंत. माणसाच्या पेशीत ४६ क्रोमोझोम, प्रत्येकाची कॉपी झालेली, म्हणजे ४६ जुळी. प्रत्येक जुळ्यातल्या एकाला इकडच्या टोकाच्या नळीने धरायचं आणि दुसऱ्याला तिकडच्या. मग सगळी मधोमध रांगेत येतात. मग ओढाओढी.

पण ओढायला सुरुवात कधी करायची हे कोण ठरवतं? इथे माझं वर्गातलं आवडतं उदाहरण, एसटीचा कंडक्टर. सगळे पॅसेंजर चढले नाहीत तोवर कंडक्टर डबल बेल देत नाही आणि डबल बेल झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. पेशीत ज्या क्रोमोझोमला अजून नळी लागलेली नाही तो "थांबा थांबा" असा केमिकल सिग्नल सोडत राहतो. ४६ जुळ्यांपैकी एक जरी राहिलं तरी गाडी उभी. सगळं सुरळीत असेल तर हा अख्खा प्रकार तासाभरात आटपतो.

तर आता औषधं. कॅन्सरच्या पेशी लगाम नसल्यासारख्या विभागत असतात. विभागायला नळ्या लागतात. नळ्यांचा खेळ बिघडवला तर पेशी अडकेल. कल्पना एवढीच आहे आणि ती माणसाच्या आधी झाडांना सुचलीय, एका नव्हे, एकमेकांशी काही नातं नसलेल्या बऱ्याच झाडांना.

त्यातलं एक तर आपल्या कोकणात पावसाळ्यात कुंपणावर चढलेलं दिसतं, कळलावी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं. तिच्यात कोल्चिसिन असतं. गाऊट या सांधेदुखीचं औषध म्हणून ते प्रसिद्ध, कॅन्सरला नाही वापरत, पण नळ्यांच्या गोष्टीत त्याला मान द्यायलाच हवा कारण ट्युब्युलिन सापडलंच मुळी त्याच्यामुळे. १९६७ मध्ये गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी पेशीत कोल्चिसिन नेमकं कुणाला जाऊन चिकटतं हे शोधलं, आणि ते जे प्रोटीन निघालं तीच आपली वीट. (कळलावी प्रचंड विषारी आहे, फोटो काढा आणि पुढे व्हा.)

दुसरं झाड तर दारातच. सदाफुली. मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे तुळशीच्या कुंडीशेजारी, सिमेंटच्या फटीत, कुठेही येते आणि बारा महिने फुलते. १९५२ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल नावाच्या डॉक्टरांना त्यांच्या भावाने एक पाकीट दिलं, जमैकाहून आलेलं, आत सदाफुलीची २५ पानं. जमैकात डायबेटिसला लोक त्याचा काढा घ्यायचे. नोबलनी उंदरांना अर्क पाजला, साखरेवर काही फरक नाही. मग इंजेक्शनने दिला तर उंदीर इन्फेक्शनने मेले. दुसरा कोणी असता तर पाकीट टाकून दिलं असतं. नोबलनी बघितलं की उंदरांच्या पांढऱ्या पेशी खलास झाल्यात, आणि पांढऱ्या पेशी मारणारी गोष्ट ब्लड कॅन्सरला उपयोगी पडेल. चार्ल्स बीअर या केमिस्टने त्यातून व्हिन्ब्लास्टिन वेगळं केलं, १९५८ मध्ये ते जगापुढे आलं, त्याच सुमाराला अमेरिकेत एली लिली कंपनीचे लोकही याच झाडावर होते, त्यांनी व्हिन्क्रिस्टिन काढलं आणि १९६३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे.

ही दोन्ही औषधं विटेवर अशा जागी बसतात जिथे पुढची वीट लागायची असते. विटा जुळतात त्या वाकड्या, सरळ सर होतच नाही. डोस मोठा असेल तर नळ्या विरघळतात. पण कमी डोसमध्ये नळ्या दिसायला तशाच्या तशा असतात, फक्त टोकाला औषधाचे एक-दोन रेणू जाऊन बसतात आणि नळीचं वाढणं-कोसळणं जवळपास निम्म्यावर येतं. एक-दोन रेणू! हजारो विटांच्या नळीला. म्हणजे मारायची गरजच नाही, चाचपणं बंद केलं की काम झालं.

सदाफुलीवर अजून थोडं थांबते, कारण मावशीच्या जाऊबाई पिशवीभर पानं घेऊन आल्या होत्या. व्हॉट्सॲपवर आलं होतं त्यांना, रोज सकाळी उपाशीपोटी पाच पानं, कॅन्सरही जातो आणि शुगरही. "अगं तुझ्या केमोत तरी हेच असतं की, मग थेटच खा ना." ऐकायला पटतं हो. पण हिशोब करा. १ ग्रॅम व्हिन्ब्लास्टिन काढायला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात, व्हिन्क्रिस्टिनला तर २००० किलो. व्हिन्क्रिस्टिनचा एक डोस सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जात नाही, म्हणजे एका डोसला चार किलो वाळलेली पानं, तीही एक कण वाया न घालवता. पाच पानांत ते नसल्यात जमा, आणि त्याच पानांत दुसरी शंभरावर अल्कलॉइड्स (झाडात बनणारी रसायनं) आहेत ती पोटात जाणार ते वेगळंच, तेही केमो चालू असताना. जाऊबाईंना मी हे सगळं सांगितलं, त्या मान डोलावत होत्या, पिशवी मात्र परत नेली नाही. मावशीने ती कुंडीत रिकामी केली. शिवाय डोस २ मिलिग्रॅम असूनही हे औषध किती जहाल आहे बघा, ते फक्त शिरेतूनच द्यायचं असतं. चुकून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेलं तर पेशंट जवळपास नक्कीच जातो, म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीत भरून द्या असं जगभर सांगितलं जातं, पिशवी कोणी चुकूनही पाठीत टोचत नाही. (ही अल्कलॉइड्स झाडाऐवजी यीस्टकडून बनवून घ्यायचंही जमलंय, २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी यीस्टमध्ये व्हिन्ब्लास्टिनचे दोन अर्धे भाग तयार केले आणि मग ते जोडले.)

आता मावशीचं झाड. पॅसिफिक यू, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या जंगलातलं, संथ वाढणारं, लाकूडतोड्यांच्या लेखी कवडीमोल. १९६२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातून आर्थर बार्कले या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याचे नमुने गोळा केले, कारण अमेरिकन सरकारने दिसेल ते झाड कॅन्सरसाठी तपासायचा मोठा कार्यक्रमच काढला होता. नमुने गेले नॉर्थ कॅरोलिनात मनरो वॉल यांच्या लॅबमध्ये, आणि तिथे त्यांच्या जोडीला होते मनसुख वाणी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! १९२५ चा जन्म, मुंबई युनिव्हर्सिटीत शिकले, मग अमेरिकेत पीएचडी. दर वर्षी मी वर्गात विचारते, टॅक्सॉल (पॅक्लिटॅक्सेलचं पहिलं नाव) शोधणाऱ्यांपैकी एक जण महाराष्ट्रातला, सांगा कोण, आणि दर वर्षी शांतता. क्रिकेटरचं गाव विचारलं असतं तर तालुका-जिल्ह्यासकट सांगितलं असतं पोरांनी. असो. सालीत औषधाचं प्रमाण ०.०१ टक्क्याच्या आसपास, त्यातून शुद्ध पदार्थ काढून त्याची अख्खी रचना १९७१ मध्ये वॉल-वाणींनी छापली. वॉलनी नाव ठेवलं होतं टॅक्सॉल, पुढे ते एका कंपनीचं ब्रँडनेम झालं आणि औषधाला पॅक्लिटॅक्सेल म्हणायला लागले.

रचना कळली तरी कुणाला फार उत्साह नव्हता. पाण्यात विरघळत नाही, काढायला झाड सोलावं लागतं आणि साल काढली की झाड मरतं. शिवाय नळ्या मोडणारी औषधं तर आधीच होती, अजून एक कशाला. मग न्यूयॉर्कमध्ये सुझन बँड हॉर्विट्झ आणि त्यांचा विद्यार्थी पीटर शिफ यांनी ते पेशींवर टाकून बघितलं आणि १९७९ मध्ये छापलं की हे प्रकरण उलटंच आहे. नळ्या मोडत नाहीत. नळ्या मोडायच्याच बंद होतात, पेशीत नळ्यांचे जुडगेच्या जुडगे साचतात.

का, तर पॅक्लिटॅक्सेल बसतं बीटा विटेवर, नळीच्या आतल्या, पोकळ बाजूने, आणि विटेला सरळ ठेवतं. बॅटरी उतरली तरी वीट वाकत नाही. म्हणजे वेणीला फक्त टोकाला रबर नाही तर वरपासून खालपर्यंत फेविकॉल. रबर काढा नाहीतर ठेवा, वेणी सुटणारच नाही.

मावशी इथे म्हणाली, "मग चांगलंच की, मजबूत झाली नळी." बारावीची पोरंही इथेच अडकतात. मजबुतीचा इथे उपयोगच नाही ना. काडेपेटी शोधणारा हात एकदा लांब केल्यावर मागेच घेता येत नसेल तर काडेपेटी कशी सापडणार? सदाफुली हात लांब करू देत नाही, यू हात मागे घेऊ देत नाही, आणि अंधार दोन्हीकडे तोच. एक नळी मोडतं, एक नळी थिजवतं, आणि दोन्हींनी पेशी मरते, कारण नळीचा जीव तिच्या हलण्यात आहे.

पुढे काय होतं त्याची पुस्तकी गोष्ट अशी. नळ्या थिजल्या, काही क्रोमोझोमना नीट पकड मिळाली नाही, ते "थांबा थांबा" करतायत, कंडक्टर डबल बेल देत नाही, गाडी स्टँडवर तासन् तास उभी. तासाभराचं काम दहा-वीस तास लांबतं. इतका वेळ अडकलेली पेशी बऱ्याचदा स्वतःला मारून टाकते, ती सोय पेशीत असतेच. काही वेळा मात्र ड्रायव्हर कंटाळून बेलशिवायच गाडी काढतो, म्हणजे पेशी न विभागताच विभाजनातून बाहेर पडते, आत क्रोमोझोमचा गोंधळ घेऊन, आणि मग ती नंतर मरते किंवा तशीच रेंगाळते.

हीच गोष्ट मी वीस वर्षं शिकवली. मावशीच्या निमित्ताने पुन्हा वाचायला बसले तेव्हा कळलं की ती प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतली गोष्ट आहे, तीही भरपूर औषध टाकून. २०१४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटमधून पहिल्या डोसनंतर २० तासांनी गाठीचा तुकडा घेऊन बघितलं, तर गाठीत औषध इतकं कमी पोचलेलं की पेशी काही फार अडकून बसत नव्हत्या. गाडी सुटत होती. पण दोन टोकांऐवजी तीन-तीन, चार-चार टोकं तयार झालेली आणि क्रोमोझोम त्या सगळ्यांत वाटले गेलेले. दोन भावांची वाटणी तिघाचौघांत केली तर कुणालाच पुरेसं मिळत नाही, कुणाच्या वाट्याला विहीर नाही, कुणाला रस्ता नाही, तशा त्या पिल्लू पेशी अर्धवट सामान घेऊन जन्मतात आणि बऱ्याचशा मरतात. नेमकी किती पेशी कशाने मरतात यावर शास्त्रज्ञांत अजून भांडणं चालू आहेत. मला तर बरं वाटलं वाचून, तीस वर्षं लाखो लोकांना दिलेलं औषध (१९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आधी अंडाशयाच्या कॅन्सरला) आणि त्याच्याबद्दल अजून भांडायला शिल्लक आहे. पुढच्या वर्षी वर्गात दोन्ही गोष्टी सांगणार.

झाडांचं काय झालं? मागणी वाढली तशी जंगलातली यू झाडं सोलण्यावरून अमेरिकेत बराच गदारोळ झाला, मग युरोपातल्या यूच्या पानांमधून एक अर्धवट तयार रेणू मिळतो त्यावर लॅबमध्ये पुढचं काम करून औषध बनवायची पद्धत आली. पानं तोडली तरी परत येतात, झाड मरत नाही. शिवाय आता यूच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवूनही औषध काढतात. आपल्या हिमालयातला यू मात्र तोपर्यंत बराच ओरबाडला गेला.

हॉस्पिटलच्या डे केअरमधली एक गोष्ट सांगायलाच हवी. मंगळवारी सकाळी मावशी खुर्चीत बसायची, मी शेजारच्या स्टुलावर, तासाभराचं औषध पण त्याआधी स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीचं, अ‍ॅसिडिटीचं अशी इंजेक्शनं. आणि औषधाची नळी (प्लॅस्टिकची, पेशीतली नव्हे) बाकीच्यांच्या नळ्यांपेक्षा वेगळी, मधे एक छोटी फिल्टरची डबी. मी सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, ह्याला ही वेगळीच लागते मॅडम. कारण नंतर वाचलं. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही ना, म्हणून ते अल्कोहोल आणि एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावणात विरघळवतात. हो, एरंडेल. अंगावर पुरळ, धाप, बीपी पडणं असली रिअ‍ॅक्शन येते ती बऱ्याचदा ह्या एरंडेली द्रावणामुळे, आणि साध्या पीव्हीसी नळीतून दिलं तर ते द्रावण नळीतलंच केमिकल ओढून घेतं, म्हणून नळी वेगळी. मावशी हे ऐकून इतकी हसली, म्हणाली आईने लहानपणी नाक दाबून पाजलं आणि आता पैसे मोजून शिरेतून घेतेय. (एरंडेलाशिवायचा प्रकारही मिळतो, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनला बांधलेला, २००५ पासून, पण महाग.)

तर आता बोटं.

केस का गेले हे सोपं आहे, केसांच्या मुळाशी पेशी सतत विभागत असतात, तिथे पण नळ्या थिजल्या. दर डोसच्या आधी रक्त तपासून पांढऱ्या पेशी मोजतात तेही त्यासाठीच, हाडांतला बोन मॅरो म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशींचा, रक्त बनवणारा कारखाना. पण नसांच्या पेशी विभागतच नाहीत. त्यांना ना क्रोमोझोम ओढायचेत ना डबल बेलची वाट बघायचीय. मग?

मी म्हटलं होतं ना, मधलं काम लक्षात ठेवा. रस्ता.

पायाच्या अंगठ्याला लागलं हे ज्या पेशीमुळे कळतं तिचं शरीर कंबरेच्या मणक्याशेजारी असतं आणि तिची तार तिथून थेट अंगठ्यापर्यंत जाते, मोठ्या माणसात जवळजवळ मीटरभर. एकच पेशी! शरीर धुळीच्या कणाएवढं आणि शेपूट एक मीटर. टोकाला लागणारा बहुतेक माल शरीरातच बनतो आणि तिथून पाठवावा लागतो, आणि पाठवायचा रूळ म्हणजे त्या तारेत लांबीच्या दिशेने पसरलेल्या नळ्या. त्यांच्यावरून कायनेसिन नावाची मोटर अक्षरशः दोन पायांवर चालते, पाठीवर मालाची पिशवी घेऊन. तिचं एक पाऊल ८ नॅनोमीटर. एक वीट, एक पाऊल. मीटरभर जायला साडेबारा कोटी पावलं, अर्थात एकच मोटर पूर्ण अंतर चालत नाही, वाटेत बदली होत जाते, तरी वेगवान माल दिवसाला ४० सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणजे अंगठ्याला पोचायला अडीच-तीन दिवस. परतीला डायनिन नावाची दुसरी मोटर.

मेंदूत हे औषध फारसं शिरत नाही, तिथे रक्तवाहिन्यांना कडक पहारा आहे. पण स्पर्श कळवणाऱ्या पेशींची शरीरं मणक्याशेजारी असतात तिथे तसा पहारा नाही, औषध सरळ आत. रूळ थिजतात, जुडगे होतात, गाड्यांचं वेळापत्रक कोलमडतं. आणि वाहतूक बिघडली की आधी कोण उपाशी राहणार? शेवटच्या स्टेशनवाले. म्हणून मुंग्या सुरू होतात त्या सगळ्यात लांबच्या टोकांना, पायाच्या बोटांपासून, मग हाताची बोटं, मोजे आणि हातमोजे घालतो बरोबर तेवढ्या भागात. सदाफुलीच्या औषधांचंही हेच, व्हिन्क्रिस्टिनवर तर बद्धकोष्ठता भयंकर होते कारण आतड्याच्या नसाही त्यात येतात, आणि काही मुलांचं पाऊल चालताना नीट उचललं जात नाही, खाली लोंबतं.

"म्हणजे," मावशी म्हणाली, "माझ्या बोटांपर्यंत एसटी येत नाहीये." मी म्हणाले, येतेय, पण दिवसातून एक.

मग तिने हळूच सांगितलं की मुंग्या चौथ्या डोसपासूनच होत्या, पायांना, डॉक्टर डोस बंद करतील म्हणून बोलली नव्हती. माझं डोकंच फिरलं. बंद करतील म्हणूनच तर सांगायचं असतं, डोस कमी करता येतो, आठवडा पुढे ढकलता येतो, त्यांच्याकडे त्याचे ठरलेले हिशोब असतात, आणि नस एकदा जास्त दुखावली तर परत यायला महिनोन् महिने जातात, कधी पूर्ण येतच नाही. पुढच्या मंगळवारी मी स्टुलावर न बसता तिच्याबरोबर आत गेले. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून बोटांना कापूस लावला, टाचणी लावली, ट्यूनिंग फोर्क घोट्यावर ठेवून विचारलं थरथर जाणवते का, आणि डोस कमी केला. बारा डोस पूर्ण झाले.

त्याला आता आठ महिने होतील. हुकं लागतात तिची तिला, सुईत दोरा ओवता येत नाही अजून. केस बॉयकट एवढे आलेत, आधी कधीच नव्हते तसे कुरळे. पायांचं मात्र रेंगाळलंय. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी तिला कळत नाही, परवा भाजी आणायला गेलो तर ती एका पायात चप्पल घालून पन्नास पावलं पुढे गेली होती, मागून भाजीवाला ओरडतोय, ओ काकू, चप्पल, चप्पल.